आधी परीक्षा, मग अधिकार
लंडनच्या ‘सोसायटी ऑफ रेडिओग्राफर्स’ची शंभर वर्षे

एक्स-रे, सीटी, एमआरआय किंवा मॅमोग्राफीच्या खोलीत काम करणाऱ्यांच्या शिक्षणाचा इतिहास सांगायचा, तर ज्या मोजक्या संस्थांपासून सुरुवात करावी लागते, त्यांत लंडनची ‘सोसायटी ऑफ रेडिओग्राफर्स’ ही एक. १९२० साली ती स्थापन झाली आणि २०२० मध्ये तिने शंभरी पूर्ण केली. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकांनी विद्यार्थिदशेत ‘क्लार्क’ वाचले आहे, निदान वरच्या वर्गातल्या कोणाकडून मागून तरी आणले आहे. त्या पुस्तकाचे बीजही याच संस्थेच्या परिसरात रुजले. तेव्हा आपल्या व्यवसायाच्या या थोरल्या संस्थेचा प्रवास मराठीत सविस्तर मांडणे आवश्यक वाटते.

या प्रवासाचे सूत्र आरंभीच सांगतो. रेडिओग्राफरला मिळालेला प्रत्येक अधिकार अभ्यासक्रम आणि परीक्षा यांच्या वाटेने आला आहे. जिथे नुसती मागणी झाली, तिथे दार बंद राहिले. जिथे प्रशिक्षण उभे राहिले, तिथे ते उघडले.

संस्थेपूर्वीची पंचवीस वर्षे

विल्हेल्म रोंटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला. पुढच्याच जानेवारीत लंडनमध्ये कॅम्पबेल स्विंटन या विद्युत अभियंत्याने क्ष-किरणांनी चित्रे घेतली. त्याच वर्षी ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत डॉ. जॉन मॅकिन्टायर यांनी रुग्णालयातला क्ष-किरण विभाग सुरू केला. यंत्रे आली, पण ती चालवण्याचे शिक्षण कोणी घेतलेले नव्हते. विजेचे काम जाणणारा, फोटोग्राफीचा हात असलेला, औषधालयातला मदतनीस, परिचारिका, वॉर्डातला शिपाई, ज्याला जमेल त्याने हे काम उचलले.

त्या काळची नळी वायूची असे. आतल्या वायूचा दाब बदलला की किरणांची भेदनशक्ती बदले. ती तपासण्याची सोपी रीत म्हणजे आपलाच हात नळी आणि चमकणारा पडदा यांच्यामध्ये धरायचा आणि हाडे कितपत स्पष्ट दिसतात ते पाहायचे. रुग्ण दिवसातून एकदा किरणांसमोर येई, चालकाचा हात मात्र दिवसभर येई. आधी त्वचा लाल होई, मग ती कोरडी पडून तडकत असे, नखे ठिसूळ होत. पुढे न भरणाऱ्या जखमा होत आणि शेवटी कर्करोग.

पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपलमधील लंडन हॉस्पिटलात अर्नेस्ट हारनॅक, रेजिनाल्ड ब्लॅकॉल, अर्नेस्ट विल्सन आणि हॅरल्ड सगर्स हे चौघे या कामात होते. चौघांनाही या किरणांनी इजा पोहोचवली. विल्सन यांना फोटोग्राफी येत होती. त्यांनी स्वतःच्या हातांची छायाचित्रे वेळोवेळी काढून ठेवली, म्हणजे हा आजार कसा वाढत जातो याची नोंदच करून ठेवली. १९११ मध्ये त्यांचे निधन झाले. जर्मनीत हॅम्बुर्ग येथे १९३६ साली क्ष-किरणांच्या कामात प्राण गमावलेल्यांचे स्मारक उभारले गेले. त्यावर सुरुवातीलाच १६९ नावे कोरलेली होती. शिक्षणाशिवाय यंत्र हाती देण्याची किंमत किती, याचा हिशेब त्या दगडावर आहे.

१९२० : स्थापना

पहिल्या महायुद्धाने क्ष-किरणांची गरज कैक पटींनी वाढवली. गोळी कुठे अडकली आहे, हाड कसे मोडले आहे, हे पाहण्यासाठी छावण्यांत आणि रुग्णालयांत एक्स-रे चालवणारे हात हवे होते. घाईघाईने माणसे तयार झाली. युद्ध संपल्यावर हीच माणसे नागरी रुग्णालयांत आली. त्यांत उत्तम काम करणारे होते आणि धोकादायक काम करणारेही होते. दोघांत फरक कसा करायचा, याचे साधन कोणाकडेच नव्हते.

ते साधन दोन संस्थांनी मिळून निर्माण केले. एक होती डॉक्टरांनी १९१७ मध्ये सुरू केलेली ‘ब्रिटिश असोसिएशन फॉर द अॅडव्हान्समेंट ऑफ रेडिऑलॉजी अँड फिजिओथेरपी’, आणि दुसरी विद्युत अभियंत्यांची ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्स’. १९२० मध्ये त्यांच्या सहकार्याने ‘सोसायटी ऑफ रेडिओग्राफर्स’ जन्माला आली. रेडिऑलॉजिस्ट सर आर्चिबाल्ड रीड हे तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच सुमारास केंब्रिज विद्यापीठाने डॉक्टरांसाठी रेडिऑलॉजीची पदविका सुरू केली. डॉक्टर आणि रेडिओग्राफर या दोघांच्याही शिक्षणाची घडी एकाच वेळी बसू लागली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

संस्थेने पहिल्यापासून एक काम आपले मानले: परीक्षा घेणे. उत्तीर्ण होणाऱ्याच्या नावापुढे ‘एम.एस.आर.’ ही अक्षरे लागत. भौतिकशास्त्र, शरीररचना, फोटोग्राफी आणि प्रत्यक्ष तंत्र या चार खांबांवर हे शिक्षण उभे राहिले. रुग्णालयांना नेमणूक करताना विचारायला एक नेमका प्रश्न मिळाला: तुम्ही एम.एस.आर. आहात का?

संस्था एक वर्षाची होती तेव्हा, मार्च १९२१ मध्ये, लंडनचे नामवंत रेडिऑलॉजिस्ट आयर्नसाइड ब्रूस यांचे रक्ताच्या गंभीर विकाराने निधन झाले. वर्षानुवर्षे शरीरात गेलेले किरण हे त्याचे कारण होते. वृत्तपत्रांतून खळबळ उडाली आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये क्ष-किरण आणि रेडियम संरक्षण समिती नेमली गेली. शिशाचे आडोसे, कामाचे मर्यादित तास, सुट्ट्या, खोलीतली हवा यांबाबत तिने शिफारशी केल्या. रेडिओग्राफरच्या अभ्यासात सुरक्षिततेला जे मानाचे स्थान आहे, त्याची पाळेमुळे या काळात आहेत.

१९२५ : एक दार बंद झाले

सुरुवातीच्या काळात अनेक रेडिओग्राफर काढलेल्या चित्रात काय दिसते तेही लिहून देत. चित्र वाचणे हा रोगनिदानाचा भाग आहे, तो डॉक्टरचाच अधिकार आहे, असा आग्रह वैद्यकीय वर्तुळातून जोराने धरला गेला. अखेर १९२५ मध्ये संस्थेने आपल्या नियमांत निर्बंध घातला: सदस्याने डॉक्टरच्या सूचनेशिवाय रुग्ण तपासू नये आणि चित्राचा अहवाल देऊ नये.

अनेक सदस्यांना हा निर्णय बोचला. पण त्या वेळचा अभ्यासक्रम पाहिला, तर त्यात चित्रातील रोग ओळखण्याचे पद्धतशीर शिक्षण नव्हते. त्यामुळे वैद्यकीय संघटनांच्या आग्रहापुढे संस्थेजवळ ठेवायला भक्कम पुरावा नव्हता. हे दार पुन्हा उघडायला सत्तर वर्षे लागली, आणि ते कसे उघडले तो या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग आहे.

अहवालाचा मार्ग बंद झाल्यावर रेडिओग्राफरांनी आपली सगळी बुद्धी तंत्रावर लावली. १९३५ मध्ये संस्थेचे ‘रेडिओग्राफी’ हे नियतकालिक सुरू झाले आणि त्यातून रुग्णालयारुग्णालयांतले अनुभव एकमेकांपर्यंत पोहोचू लागले. तिशीच्या दशकाच्या अखेरीस विल्यम वॉटसन या ब्रिटिश रेडिओग्राफरने शरीराचा आडवा छेद दाखवणाऱ्या टोमोग्राफीचे यंत्र घडवले. सीटी येण्याच्या तीस वर्षे आधी हा विचार एका रेडिओग्राफरच्या डोक्यात आला होता, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

क्लार्कबाई आणि त्यांचे पुस्तक

याच काळात संस्थेच्या अध्यक्षपदी पहिली महिला आली. कॅथलीन क्लारा क्लार्क. त्यांनी आधी रुग्णालयात रेडिओग्राफीचे शिक्षण दिले होते आणि नंतर इलफर्ड या फिल्म बनवणाऱ्या कंपनीच्या लंडनमधील रेडिओग्राफी विभागाची धुरा सांभाळली. १९३९ मध्ये त्यांचे ‘पोझिशनिंग इन रेडिओग्राफी’ प्रसिद्ध झाले.

या पुस्तकाची मांडणी एवढी सोपी आहे की तिचे मोठेपण चटकन लक्षात येत नाही. एका बाजूला रुग्णाला कसे उभे केले किंवा झोपवले त्याचे छायाचित्र, आणि त्याच्या जोडीला त्या स्थितीत मिळालेला एक्स-रे. छातीच्या चित्राचे उदाहरण घ्या. रुग्णाची छाती कॅसेटला टेकलेली, हनुवटी वर, हातांचे पंजे कमरेवर आणि कोपरे पुढे ढकललेली. कोपरे पुढे का? खांदे पुढे गेले की पाठीवरची फऱ्याची हाडे फुप्फुसांवरून बाजूला सरतात. नळी सहा फुटांवर का? अंतर वाढले की हृदयाची सावली फुगत नाही. पूर्ण श्वास घेऊन का थांबायचे? श्वासपटल खाली उतरते आणि फुप्फुसाचा तळ मोकळा दिसतो. प्रत्येक कृतीला कारण आहे, आणि ते कारण चित्रात डोळ्यांनी पडताळता येते. मनगटाजवळच्या स्कॅफॉइड हाडाची फट साध्या चित्रात लपते, हात करंगळीच्या बाजूला वळवला की ती दिसू लागते. अशी शेकडो कारणे क्लार्कबाईंनी जोडीजोडीने मांडली. त्यांच्या पश्चातही पुस्तकाच्या आवृत्त्या निघत राहिल्या, आज ते ‘क्लार्क्स’ या नावानेच ओळखले जाते, आणि मुंबई-पुण्यापासून गावोगावच्या पॅरामेडिकल महाविद्यालयांपर्यंत आपल्याकडेही ते संदर्भग्रंथ म्हणून चालते.

युद्ध, राष्ट्रीय आरोग्य सेवा आणि कायद्याची नोंद

दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, ब्रिटनमध्ये क्षयरोग शोधण्यासाठी सामूहिक छाती तपासणी सुरू झाली. चमकणाऱ्या पडद्यावरची प्रतिमा छोट्या फिल्मवर टिपणारी ही पद्धत होती. कारखान्यांत, कचेऱ्यांत फिरती पथके जात. मोठ्या लोकसंख्येची तपासणी शिस्तीने करण्याचे शिक्षण रेडिओग्राफरांना येथे मिळाले.

५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि बहुतेक रेडिओग्राफर सरकारी सेवेत आले. १९६० च्या कायद्याने वैद्यकपूरक व्यवसायांची सरकारी नोंदणी सुरू झाली. सेवेत काम करायचे तर नाव नोंदवहीत हवे, आणि नोंदवहीत यायचे तर मान्य परीक्षा उत्तीर्ण हवी. संस्थेने चाळीस वर्षे स्वतःच्या बळावर जपलेल्या शिस्तीला कायद्याचे अधिष्ठान मिळाले.

सत्तरच्या दशकात संस्थेने आणखी एक घडी बसवली. पगार, कामाचे तास, सेवाशर्ती यांसाठी ती कामगार संघटना म्हणून काम करू लागली आणि शिक्षण, परीक्षा, संशोधन यांसाठी ‘कॉलेज ऑफ रेडिओग्राफर्स’ वेगळे उभे राहिले. हक्क आणि अभ्यास ही दोन्ही कामे एकाच छताखाली, पण वेगवेगळ्या हातांनी चालावीत, ही व्यवस्था आजही टिकून आहे.

नवी यंत्रे, नवे अभ्यासक्रम

या काळात प्रतिमाशास्त्राचे रूपच पालटले, आणि त्यातले कित्येक शोध ब्रिटनमध्येच लागले. १९५८ मध्ये ग्लासगोच्या प्रा. इयन डोनाल्ड आणि सहकाऱ्यांनी ध्वनिलहरींनी पोटातील गाठी व गर्भ पाहण्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या अॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा सीटी झाला. ऑगस्ट १९८० मध्ये अॅबर्डीनला प्रा. जॉन मॅलार्ड यांच्या चमूने रुग्णाच्या शरीराचा एमआरआय काढला.

सीटीच्या त्या पहिल्या यंत्रात रुग्णाचे डोके पाण्याच्या पेटीला बसवलेल्या रबरी टोपीत घालावे लागे. एका फेरीला काही मिनिटे लागत आणि तेवढा वेळ डोके तसूभरही हलता कामा नये. प्रतिमा फक्त ८० गुणिले ८० चौकटींची. अशा यंत्राजवळ घाबरलेल्या रुग्णाला धीर देत स्थिर ठेवणे हे कसब फिल्मच्या जमान्यातल्या कोणत्याही पुस्तकात नव्हते. छेदांची शरीररचना नव्याने शिकावी लागली, कारण आजवर सावल्या वाचल्या होत्या, आता काप वाचायचे होते. एमआरआयबरोबर चुंबकाची सुरक्षितता आली: रुग्णाच्या अंगात पेसमेकर आहे का, डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का, हे दारातच विचारण्याची शिस्त आली.

संस्थेने आणि पुढे विद्यापीठांनी दर वेळी एकच पद्धत अवलंबली. मूळ शिक्षण सर्वांना समान, आणि त्यावर विशेष तंत्राचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यास. सोनोग्राफीत तर ब्रिटनमध्ये बहुतांश काम प्रशिक्षित सोनोग्राफरच करतात आणि त्यांपैकी पुष्कळजण मूळचे रेडिओग्राफर आहेत. १९९३ पासून सोनोग्राफीच्या अभ्यासक्रमांना मान्यता देण्यासाठी अनेक व्यावसायिक संस्थांचे संयुक्त मंडळ काम करते. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात मूळ शिक्षणही पदविकेवरून पदवीवर गेले.

विशेष प्रशिक्षण म्हणजे काय, हे पाहायचे तर मॅमोग्राफीकडे पाहावे. प्रा. पॅट्रिक फॉरेस्ट यांच्या समितीने १९८६ मध्ये अहवाल दिला आणि १९८८ पासून ५० ते ६४ वयाच्या स्त्रियांसाठी दर तीन वर्षांनी स्तनतपासणी सुरू झाली. यासाठी खास प्रशिक्षण केंद्रे निघाली. तिरक्या बाजूने घेतलेल्या चित्रात छातीचा मोठा स्नायू स्तनाग्राच्या पातळीपर्यंत यायला हवा, स्तनाग्र कडेला स्पष्ट दिसायला हवे, स्तनाखालची घडी उलगडलेली हवी, आणि दाब इतका हवा की ऊती पसरतील पण बाई पुन्हा तपासणीला येण्याचे टाळणार नाही. प्रत्येक चित्राला ‘परफेक्ट, गुड, मॉडरेट, इनअॅडिक्वेट’ अशी प्रत दिली जाते आणि मॅमोग्राफरला स्वतःच्या चित्रांचा लेखाजोखा ठेवावा लागतो. एका स्नायूची कड चित्रातून निसटली, तर तिच्यामागची लहानशी गाठही निसटते. म्हणून या कामाला वेगळे शिक्षण, वेगळी परीक्षा आणि सतत देखरेख आहे.

लाल ठिपका आणि पुन्हा उघडलेले दार

आता १९२५ च्या निर्बंधाकडे परत वळू. १९७१ मध्ये के. स्विनबर्न या रेडिऑलॉजिस्टने ‘लॅन्सेट’मध्ये सुचवले की रेडिओग्राफरांना योग्य शिक्षण दिले, तर नेहमीची आणि बिघाड असलेली चित्रे ते वेगळी काढू शकतील. एका डॉक्टरनेच हा विचार मांडला होता, पण तो प्रत्यक्षात यायला वेळ लागला.

ऐंशीच्या दशकात अपघात विभागांत एक साधी पद्धत रूढ झाली. रात्री-अपरात्री नवशिका डॉक्टर एकटाच चित्र पाहत असे. रेडिओग्राफरला चित्रात काही गैर वाटले, तर तो फिल्मवर लाल ठिपका चिकटवून देई. ठिपका दिसला की डॉक्टर पुन्हा पाही. १९८५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवले की रेडिओग्राफरच्या अशा मदतीने अपघात विभागातल्या चुका कमी होतात.

ठिपक्याच्या पुढची पायरी शब्दांत लिहिलेल्या अहवालाची होती. १९९४ मध्ये मॅक्लेसफील्डचे डॉ. सी. एफ. लॉफरन यांनी तीन रेडिओग्राफरांना सहा महिने मोडलेल्या हाडांची चित्रे वाचण्याचे शिक्षण दिले आणि प्रशिक्षणाने त्यांच्या चुका कशा घटत गेल्या याची आकडेवारी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ रेडिऑलॉजी’त मांडली. याच सुमारास लीड्स आणि कॅंटरबरी येथे अहवाललेखनाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाले. बेरियम एनिमाची तपासणीही प्रशिक्षित रेडिओग्राफर स्वतः करू लागले. अपघातातली हाडे, छाती, डोक्याचा सीटी, मॅमोग्राफी, एकेक क्षेत्र उघडत गेले. प्रत्येक क्षेत्रात आधी अभ्यासक्रम आला, मग शेकडो चित्रांवर परीक्षा, आणि शेवटी अधिकार.

२००० साली आलेल्या नियमांनी रेडिओग्राफरला रुग्णाला किरण द्यावेत की नाही हे ठरवणाऱ्याची भूमिकाही प्रशिक्षणाच्या अटीवर खुली केली. त्यानंतर चार पायऱ्यांची रचना आली: साहाय्यक, रेडिओग्राफर, प्रगत रेडिओग्राफर आणि कन्सल्टंट रेडिओग्राफर. ज्या संस्थेने १९२५ मध्ये सदस्यांना अहवाल देण्यास मनाई केली होती, तिचेच सदस्य आज कन्सल्टंट म्हणून अहवालावर सही करतात. या सत्तर वर्षांत बदलले ते रेडिओग्राफरचे शिक्षण, आणि त्या शिक्षणाने बाकी सारे बदलले.

सीमेपलीकडे, आणि आपल्याकडे

या संस्थेच्या मंडळींनी शिक्षणाचे काम देशाबाहेरही नेले. नाझी जर्मनीतून निर्वासित म्हणून लंडनला आलेल्या मॅरियन फ्रँक मिडलसेक्स हॉस्पिटलच्या मुख्य रेडिओग्राफर झाल्या. रेडिओग्राफरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत त्यांनी विकसनशील देशांतल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणावर भर दिला. विद्यार्थी घडवायचा तर आधी शिक्षक घडवावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते. आज ब्रिटनच्या रुग्णालयांत भारतातून गेलेले अनेक रेडिओग्राफर काम करतात. तेथे नोंदणी मिळवताना या शंभर वर्षांच्या कसोट्या त्यांनाही पार कराव्या लागतात.

आपली परिस्थिती वेगळी आहे हे मान्यच करायला हवे. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी आपल्याकडे सोनोग्राफीचे काम कायद्याने पात्र डॉक्टरांकडेच ठेवले आहे आणि त्यामागे सबळ सामाजिक कारण आहे. अहवाल लिहिणे हाही आपल्याकडे रेडिऑलॉजिस्टचाच अधिकार आहे. पण किरणांची मात्रा कमीत कमी ठेवणे, सीटीचे प्रोटोकॉल बसवणे, एमआरआयच्या दारात सुरक्षिततेची चौकशी करणे, मॅमोग्राफीची प्रत सांभाळणे, ही कामे आपल्या हातात आजही आहेत. ती उत्तम करण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. गरज आहे ती शिकण्याची.

भारतात २०२१ मध्ये राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा झाला आणि वैद्यकीय प्रतिमाशास्त्रातील तंत्रज्ञांच्या शिक्षणाला व नोंदणीला प्रथमच देशपातळीवर कायद्याची चौकट मिळाली. ब्रिटनमध्ये संस्था १९२० ला आणि कायदा १९६० ला आला. आपल्याकडे कायदा आला आहे, आता त्यातला अभ्यासक्रम जिवंत करण्याचे काम आपल्या महाविद्यालयांचे, रुग्णालयांचे आणि संघटनांचे आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने सर्व सहकाऱ्यांना विनंती: आपल्या विभागात येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला बटण दाखवण्याआधी कारण शिकवा, सीटी, एमआरआय, मॅमोग्राफी, कॅथलॅब यांपैकी एका तरी विशेष तंत्राचे रीतसर प्रशिक्षण स्वतः घ्या, आणि आपले नाव नोंदवहीत आणा. आपल्या व्यवसायाचा मान याच मार्गाने वाढला आहे आणि पुढेही याच मार्गाने वाढेल.